टेबलावरचं पांढरं वर्तुळ

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज प्रातःकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वीच, या गृहाची अप्रतिष्ठा झाली. जेवणाच्या नव्या टेबलावर ताटलीएवढं पांढरं वर्तुळ! कुणीतरी गॅसवरचं पातेलं थेट लॅमिनेटवर टेकवलं. खाली ठेवायच्या लाकडी चकत्या मीच दाजीबानपेठेतून आणल्या. तिन्ही खिळ्याला टांगलेल्या, कोऱ्या! घरात माणसं तीन — मी, पत्नी श्रीलक्ष्मी आणि भांड्यांना येणारी लक्कव्वा. मी कॉलेजात संस्कृत शिकवतो. पातेली उचलत नाही.

मंगळवार, ४
टूथपेस्टमध्ये सोडा कालवून अर्धा तास घासलं. वर्तुळ जागच्या जागी, वर चकाकी गेली. श्रीलक्ष्मी म्हणते, "एवढं कधी दातांना घासलं असतंत तर!"

गुरुवार, ६
गोकुळ रोडचा वेंकटेश सुतार येऊन नखानं टोकरून गेला. "वरवरची वाफ असती तर कोमट फडक्यानं, तेलाच्या बोटानं गेली असती सर. हा थरच भाजलाय. घासू नका, शीट बदला." विकताना हाच म्हणाला होता — "काही होत नाही री सर!" लबाड!

शुक्रवार, ७
दुसरं वर्तुळ!! लक्कव्वाला झापलं. "ना इट्टिल्लरी अप्पा! मी नाही ठेवलं. निवलेलीच भांडी उचलते मी." डोळे पुसत गेली. श्रीलक्ष्मी माझ्यावरच उखडली — "तिला कशाला बोललात? मीही गरम काही नाही ठेवलं." मग काय भुतानं ठेवलं?

शनिवार, ८
लक्कव्वा आली नाही. भांडी मी घासली.

रविवार, ९
दुपारी टेबलाशी पेपर तपासत होतो. श्रीलक्ष्मी सारूचं पातेलं घेऊन आली. वर बुडबुडे फुटत होते. नुसत्या हातांनी! ना सांडशी, ना पदर. ठेवलं थेट लॅमिनेटवर.
"अगं, चकती!"
"कशाला? गरम कुठं आहे एवढं?"
अगदी मनापासून म्हणाली. मी कडेला बोट लावलं — पोळलं. तिचा हात उलटा करून पाहिला. अंगठ्याखाली फोड, फुटलेला.
"हे कधी झालं?"
"काय?"
तव्यावरची भाकरी ती नुसत्या हातानं उलटते, आणि मी मूर्ख पाहुण्यांपुढे मिरवतो — 'आमच्या घरी अग्नी वश आहे!' तिला आठ वर्षं मधुमेह. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, हातापायांना बधिरपणा? तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं — "छे, हात तर तिचे लोखंडी!"

सोमवार, १०
लक्कव्वाच्या दारात जाऊन माफी मागितली. "अक्कांचा हात आधी दाखवा," एवढंच म्हणाली. उद्या सकाळी दहा वाजता दवाखाना. शीट बदलायची नाही.
मला भीती वाटते. काल तिचा हात हातात धरून बराच वेळ बसलो होतो. तिला ते कळत होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.