सासूबाईंच्या अकरा बिया

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

आजपासून रोजनिशी. जबाबदारी आली की नोंदी हव्यात, हे मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. कोणी ऐकलं नाही. कारखाना बंद पडला.

दवाखान्यात जाऊन आलो. रिम्मा बेकरीसमोरच्या बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, त्याला आज तीन आठवडे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालंय. पण बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवण नाही, बोलणं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात ही गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. पहिले दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग भीती वाटायला लागली.

आज अचानक वळली. डॉक्टरांना म्हणाली, नऊ मेच्या सुट्टीपर्यंत मला उभं करा, आईचे टोमॅटो लावायचेत. मग माझ्याकडे बघून, फडताळात डाळीच्या डब्यामागे पाकीट आहे, जमेल का रे वेन्या तुला? मी हसलो. सोळा टनी क्रेनचं ड्रॉइंग काढलेल्या माणसाला टोमॅटो?

पाकीट सापडलं. कॅलेंडरच्या कागदाचं, वर तिच्या अक्षरात 'आईचे'. आत अकरा बिया. सासूबाई जाऊन बावीस वर्षं झाली, पण दर उन्हाळ्यात टोमॅटोच्या रूपाने जेवायला असतातच. गेल्या वर्षी करप्याने सगळी झाडं काळी पडली, एवढंच बी वाचलं. बियांसाठी आणखी एक फळ खिडकीत ठेवलं होतं. ते मीठ लावून कोणी खाल्लं, या वादात आता पडत नाही.

या अकरा गेल्या तर सासूबाईंचा वंश बुडाला. आणि रिम्मा पुन्हा भिंतीकडे वळली तर... ते लिहीत नाही.

संकल्प: अकरा बिया, अकरा रोपं. नुकसान शून्य.

१५ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या कापितोलीनाबाई जिन्यात भेटल्या. यांच्या स्वयंपाकघरात चंद्राचं कॅलेंडर टांगलंय. त्याला विचारल्याशिवाय त्या केससुद्धा कापत नाहीत. म्हणाल्या, वेनियामिन लुकिच, आत्ता पेरू नका हो, अजून उजेड कुठे आहे? रोपं दोऱ्यासारखी लांबतील. आणि आज तर चंद्रही बरा नाही.

चंद्र बरा नाही! मी म्हटलं, बाई, टोमॅटो मातीत लावायचाय, आकाशात नाही. शुभस्य शीघ्रम्.

बाल्कनीतली गोठलेली माती ओव्हनमध्ये भाजली, म्हणजे किडे मरतात. घरभर ओल्या बुटांचा वास. बारोन (आमचा बोका) उठून दुसऱ्या खोलीत गेला. दुपारी पेरणी. ग्राफपेपरवर प्रत्येक बीला नंबर.

१९ फेब्रुवारी

काही नाही.

दुपारी ३. अजून काही नाही. प्रगती तपासायला सात नंबर उकरून पाहिली. मोड आला होता. आला होता म्हणजे, मी उकरेपर्यंत होता. चाचणीत एक नमुना जातोच, हे कारखान्यात गृहीत धरलेलं असतं.

शिल्लक दहा.

२३ फेब्रुवारी

आली! नऊ आली. दहावी आळशी दिसते, सासूबाईंच्या बाजूच्या लोकांसारखी. संध्याकाळी रिम्माला फोन केला. पहिला प्रश्न, किती आली? तिचा आवाज इतका उत्सुक होता, की अकरा म्हणून गेलो. नऊ आणि अकरा, फरक तो काय?

म्हणाली, आज उशीला टेकून बसले मी.

२ मार्च

रोपं लांबताहेत. पांढुरकी, दोऱ्यासारखी. कापितोलीना म्हणाली होती तसंच, पण तिच्या कारणाने नाही. कारण उष्णता. खिडकीखालचा हीटर सगळ्या वस्तीच्या बॉयलरवर चालतो, तो कमी करायची सोय नाही. आत अठ्ठावीस, बाहेर उणे सतरा. सरासरी काढली तर साडेपाच. म्हणून खिडकीची वरची झडप जराशी उघडली आणि चहा करायला गेलो.

चहा चांगला झाला होता.

शिल्लक सात. सरासरीचा नियम बागकामाला लागू नाही, असं दिसतं.

६ मार्च

बारोन कुंडीत झोपला. तीन रोपांवर. हा बोका मला कधी आवडला नाही, पण आज पहिल्यांदा वाटलं की तो माझ्यावर डूख धरून आहे.

चार. अकराच्या चार.

खबरदारी म्हणून बाजारातून टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं आणि त्यातल्या अकरा दुसऱ्या ट्रेमध्ये पेरल्या. फसवणूक नाही. प्रत्येक मोठ्या कामात राखीव सामान लागतं.

८ मार्च

महिला दिन. मिमोसाची पिवळी फुलं घेऊन दवाखान्यात. वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर रिम्मा वॉकर धरून तीन पावलं चालली. घामाघूम झाली होती. परत कॉटवर बसल्या बसल्या म्हणते, किती पानं फुटली? मी म्हटलं, प्रत्येकी सहा. शेजारच्या कॉटवरची म्हातारी फिस्सकन हसली. म्हणाली, अहो, टोमॅटो आहेत की कोबी?

रिम्माने फोटो मागितला. माझा फोन बटणांचा आहे. देव आहे.

येताना बसमध्ये विचार केला, ती पावलं माझ्यासाठी नव्हती, फुलांसाठीही नव्हती. त्या चार रोपांसाठी होती.

१९ मार्च

चारही ठीक! दिवा लावला, मागे चांदीचा कागद. बारोनला स्वयंपाकघर बंद. मी दिवसातून नऊ वेळा बघतो. रात्री उठून बघायचं नाही, असा नियम केलाय. कापितोलीना दारात आली, तिला आत घेतलं नाही. नजर लागते म्हणून नाही. तत्त्व म्हणून.

३० मार्च

अनर्थ.

राखीव ट्रेमधल्या रोपांना आता खरी पानं आली. कातरलेली, दातेरी, बागकामाच्या पुस्तकातल्या चित्रासारखी. मग सासूबाईंच्या चार रोपांकडे पाहिलं. त्यांची पानं दातेरी नाहीतच! रुंद, जाड, कडेला सरळ, अगदी बटाट्याच्या पानासारखी. चारही तशीच. भिंग घेऊन पाहिलं. पुस्तक चाळलं. 'पानांचा आकार बिघडणे' या मथळ्याखाली लिहिलंय: विषाणू. उपाय नाही. रोगट रोपं ताबडतोब दूर करावीत, नाहीतर बाकीच्यांना लागण होते.

झडप? बारोन? भाजलेली माती? कशाने झालं?

आता प्रश्न असा आहे: चार रोगट ठेवून अकरा निरोगी घालवायची, की...

३१ मार्च, सकाळ

झोप नाही. पण इंजिनिअरला भावना परवडत नाहीत.

चारही खोक्यात ठेवली. मनात सासूबाईंची माफी मागितली. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं रिम्माला, हा माणूस कामाचा नाही. खोकं दाराबाहेर जिन्यात ठेवलं, टोपी घ्यायला आत आलो. टोपी सापडायला वेळ लागला. परत आलो तर खोकं नाही. झाडूवालीने नेलं असणार. बरंच झालं. मला कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेववलं नसतं.

शिल्लक शून्य. हे आज फक्त इथेच लिहितोय.

२ एप्रिल

कापितोलीना जिन्यात. विचारते, त्या चार रोपांना काय झालं होतं हो? मी म्हटलं, विषाणू. ती म्हणाली, असं? आणि ओठ दाबून वर गेली. अडाणी बाई. (माझ्याकडे चार रोपं होती, हे हिला कसं कळलं? मी बोलून गेलो असेन.)

९ एप्रिल

रिम्मा दोन काठ्यांवर चालते. डॉक्टर म्हणतात, घरी जाल, पण जिना जूनच्या आधी नाही, दुसऱ्या मजल्यावर उचलूनच नेतील. फोनवर मला म्हणाली, वेन्या, तू खरंच अकरा वाचवलीस रे, मला वाटलं नव्हतं. आई असती तर तिलासुद्धा कौतुक वाटलं असतं.

आरशासमोर कबुलीची तालीम केली. 'रिम्मा, एक सांगायचंय.' इथपर्यंत उत्तम जमतं.

१४ एप्रिल

तालीम. प्रगती नाही.

२० एप्रिल

बाजारी रोपं काय वाढलीत! गडद हिरवी, ताठ. आता मला असंही वाटतं, की टोमॅटो हा शेवटी टोमॅटोच. पहिल्या दिवसापासून कोणी पाणी घातलं? मी. मग ती आमचीच झाली की नाही? 'आईचे' लिहिलेलं पाकीट त्या ट्रेला चिकटवलं. शोभून दिसतं.

१ मे

वस्तीचं हीटिंग बंद केलं आणि आज बर्फ पडला. माझा कोट रोपांवर घातला. मी टोपी आणि दोन स्वेटर घालून बसलोय. शिंका. सोळा टनी क्रेन उभी राहिली तेव्हासुद्धा मी तिला इतकं जपलं नव्हतं.

५ मे

रिम्मा घरी आली. ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी खुर्चीवरून वर आणली. हातही न धुता काठी टेकत थेट खिडकीपाशी गेली. मी मागे उभा, छाती पुढे.

तिने एक पान बोटांत धरलं. उलटं करून पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसरं. मग पाकिटावरचं स्वतःचं अक्षर वाचलं.

म्हणाली, वेन्या, हे कोण?

मी म्हटलं, कोण म्हणजे? आईचे. ती म्हणाली, आईच्या टोमॅटोचं पान बटाट्यासारखं असतं रे. अडतीस वर्षं तू ते झाड पाणी घालताना, बांधताना, तोडताना बघतोयस.

मला खरंच माहीत नव्हतं. मी फळं बघत होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कोट न काढता कॉटवर आडवी झाली आणि भिंतीकडे वळली.

६ मे

सूप केलं. तसंच राहिलं. अंडं. तसंच. मी दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. उकरलेली सात नंबर, झडप, बोका, भिंग, खोकं. पाठ हलली नाही. मी निरोगी रोपं मारली. तिच्या आईची शेवटची निरोगी रोपं मी स्वतःच्या हाताने बाहेर ठेवली. पुस्तक फाडून टाकलं. फाडताना पुढचं पान दिसलं: 'काही जुन्या जातींची पानं बटाट्यासारखी असतात.' एक पान. मी एक पान उलटलं नाही.

यापुढे स्पष्टीकरणं लिहिणार नाही.

७ मे, दुपार

टोपी हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. कापितोलीनाबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचा चंद्र बरोबर होता, मी चूक होतो. आता सांगा, असलं बी कुठे मिळेल? तुमच्या ओळखीत कोणाकडे, कुठल्या गावात, कुठेही. रिम्मा जेवत नाही.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. फार पूर्ण बोलू दिलं. मग पडदा सरकवला.

मेयोनीजच्या रिकाम्या बादल्यांमध्ये चार झाडं. खोड अंगठ्याएवढं. पानं रुंद, जाड, बटाट्यासारखी. दोन झाडांना कळ्यासुद्धा. म्हणाल्या, रोगट म्हणे! तुमच्या टोपीची वाट बघत बसले असते तर कचऱ्यात गेली असती. रिम्मासाठी उचलली, तुमच्यासाठी नाही.

मी खुर्चीत बसलो. रडलो. असू दे, लिहितो.

खाली येऊन रिम्माला सांगितलं. म्हटलं, आणू का खाली? पाठ हलली. म्हणाली, तू हात लावू नकोस. काठी दे.

अठरा पायऱ्या. डॉक्टरांनी जून सांगितलाय. मी मागे दोन्ही हात पसरून. नवव्या पायरीवर थांबली, मला वाटलं संपलं सगळं. ती म्हणाली, वेन्या, मानेवर श्वास सोडू नकोस. आणि चढली.

वर पोचल्यावर तिने पानात नाक खुपसलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, भूक लागलीय. मला जॅम आणायला खाली पाठवलं. परत आलो तेव्हा दोघी हसत होत्या. 'विषाणू' हा शब्द स्पष्ट ऐकू आला. दाराबाहेर बरणी घेऊन मी जरा वेळ उभाच राहिलो. रिम्माचं हसू तीन महिन्यांनी ऐकत होतो.

९ मे, संध्याकाळ, दाचा

सकाळी टॅक्सीने दाच्यावर, म्हणजे शहराबाहेरच्या आमच्या बागघरात, आलो, बारोनसकट. रिम्मा बाकावर बसून, काठीने जागा दाखवत. कापितोलीनाने चारही झाडं प्लॅस्टिकच्या छपराखाली लावली. खड्डे मी खणले. खोली चुकली, पुन्हा खणले. माझ्या अकरा रोपांना जागा मिळाली, संडासामागे.

शांतपणे विचार केला तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. मी ते खोकं बाहेर ठेवलं नसतं, तर कापितोलीनाने उचललं असतं का? ती चार वाचली, आणि रिम्मा जिना चढली, याच्या मुळाशी माझा एक निर्णय आहे. चहा पिताना हे दोघींना सांगितलं. कापितोलीनाने जॅमची बरणी माझ्यापुढून उचलली.

या वर्षीचं बी कोण धरणार, हे आधीच ठरलंय. अर्धं कापितोलीनाकडे, अर्धं रिम्माच्या उशीखाली. मी विचारलं, आणि माझ्याकडे काय? रिम्माने बराच विचार केला. म्हणाली, तू बारोनकडे लक्ष ठेव.

बारोन सकाळपासून सापडत नाहीये.