समुद्राला पत्ता नसतो

३ नोव्हेंबर
जामीन झाला. पण कोर्टाने पायात जीपीएसचा पट्टा घातला. मी कुठे आहे ते पोलिसांना दिसणार. रेवदंड्याला, रुचिताच्या माहेराजवळ गेलो की तिचाही फोन वाजणार. एवढं सगळं एका दातासाठी! बायकोचा तो दात आधीपासूनच हलत होता. आणि अल्पेश बर्फवाल्याशी एवढं हसायची गरज काय होती?
संकल्प: आजपासून संशय बंद.

४ नोव्हेंबर
अल्पेशने तिच्या फोटोला लाल बदाम टाकला. संकल्प उद्यापासून.

७ नोव्हेंबर
पट्टा टोचतो. आईने विचारलं, दुखतंय काय? म्हटलं, अपमान दुखतो. म्हणाली, "तिचा दात दुखत होता तवा इचारलंस काय?" आईसुद्धा फितूर.

९ नोव्हेंबर, सकाळ
जबरदस्त आयडिया! कोर्टाच्या मनाईच्या कागदात गाव आहे, बाजार आहे, समुद्र नाही. समुद्राला पत्ता नसतो. होडी घेऊन रेवदंड्यासमोर उभं राहायचं, अल्पेश येतो का बघायचं. फक्त खात्री.
धाकटा निकेत म्हणाला, "दादा, काल धुक्यात आपलं जाळं कशाने सापडलं?" म्हटलं, होडीतल्या जीपीएसने. जाळ्याच्या तरंगत्या बोयावर बरोब्बर नेतो. "मंग पायातला?" म्हटलं, तो सरकारी हाय. सरकारी वस्तू जमिनीवर धड चालत न्हाय, पाण्यात काय चालणार?

संध्याकाळ
गेलो. रुचिता बांबूंवर बोंबील टांगत होती. बायकांत हसत होती. अल्पेश नव्हता, म्हणजे नुकताच गेला असणार. एवढ्यात तिने कमरेचा फोन काढून बघितला. हसू थांबलं. बायका तिच्याभोवती उभ्या राहिल्या, एकीने कोयता उचलला. माझी होडी ओळखली तर! शेवटी नवरा आहे.
परत आलो तर धक्क्यावर पोलीस. अल्पेशनेच कळवलं असणार. कोर्टाची तारीख मिळाली.

१२ नोव्हेंबर, कोठडी
पट्टा निघाला! जामीन रद्द झाला म्हणून.
मॅजिस्ट्रेट मॅडमना समुद्राचा मुद्दा सांगितला. त्यांनी रुचिताला विचारलं, काही बोलायचंय? म्हणाली, "हा फोन कवा वाजंल म्हणून झोप न्हाय, मॅडम."
मला बाहेर नेईपर्यंत तिने फोन बंद करून पिशवीत टाकला होता. तिथेच, बाकावर बसल्या बसल्या, तिचा डोळा लागला. लग्नापासून माझ्यासमोर ती इतकी गाढ कधी झोपली नव्हती.
झोपेत जरा हसलीसुद्धा.
स्वप्नात कोण आलं होतं, ते दाखवणारं यंत्र मात्र सरकारकडे नाही.