मिरजगावचं मैदान

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

उद्या मिरजगावला जाणार. ठरलं! अमृतला जाऊन दोन महिने झाले. वीस वर्षांच्या संसारात त्यानं मला स्वतःच्या गावचं मैदान एकदाही दाखवलं नाही. टीमचा कॅप्टन होता म्हणे. घरी टीव्हीवर फुटबॉल लागला की उठून गॅलरीत जायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

नगरहून सकाळची एसटी. स्टँडवर वाल्मिक भाऊजी घ्यायला आले — अमृतच्या टीममधले, आता हायवेला पंक्चरचं दुकान आहे.

मैदान कसलं! अर्धं रुंदीकरणात गेलंय. उरलेल्यावर बाभळी, आणि एक गंजलेला गोलपोस्ट. भाऊजी मात्र हौसेनं दाखवत होते. "बाहत्तरला दुष्काळी कामावरच्या बायांनी दगड येचून केलं हे. तुमच्या सासूबाई बी हुत्या, चौदा वर्साच्या. मग भागवत गुरुजींनी नगरहून चामड्याचा चेंडू आनला. पार जामखेडपर्यंतच्या टीमा आपल्याला भ्यायच्या!"

गोलपोस्टपाशी आले आणि गंजलेल्या खांबाला हात लावला. "ज्ञाना हितंच पडला, वहिनी."

ज्ञानेश्वर — अमृतचा धाकटा भाऊ. तो काविळीनं गेला, असं मला सांगितलं होतं. खोटं!

नव्व्याण्णवची फायनल. ज्ञानेश्वर गोलकीपर, अठरा वर्षांचा. चेंडू धरायला झेपावला आणि समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला. उलटी झाली. अमृत त्याला शाळेच्या भिंतीमागच्या नळावर तोंड धुवायला घेऊन गेला. आणि परत आणून गोलमध्ये उभा केला! शेवटची वीस मिनिटं पोरगा तसाच खेळला. कप जिंकले. जीपमधून नगरला नेताना वाटेत रुईछत्तीशीपाशी जीव गेला.

"गाव म्हनायचं, कपासाठी भाऊ घालवला. अमृत कधी उलटून बोलला न्हाई. सहा महिन्यांत गावच सोडलं त्यानं."

तशीच सासूबाईंकडे गेले. सव्वीस वर्षं त्या अमृतशी बोलल्या नव्हत्या. का, ते मला आज कळलं. त्याच्या दहाव्याला आल्या, पायरीवर बसल्या, परत गेल्या.

"आई, ज्ञानेश्वर भाऊजींचं —"

चहाची साखर घालता घालता हात थांबला. "वाल्मिकनं सांगितलं व्हय?"

एवढंच. चहा झाल्यावर मला परतीच्या एसटीचा टाइम सांगितला.

१० नोव्हेंबर

आज अमृतच्या फोटोला हार घातला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात लक्ष लागेना. सख्ख्या भावाला!

आमची स्नेहल पाच वर्षांची असताना सायकलवरून पडली होती. डोक्याला नुसतं खरचटलं, तर हा तिला उचलून धावतच दवाखान्यात गेला. डॉक्टर हसले. हा बाकावर बसून हमसून हमसून रडत होता. बाप असावा तर असा, म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं!

आता कळतंय कशासाठी रडत होता. कीव येते, आणि मग राग. वीस वर्षं शेजारी झोपला — एक शब्द नाही. मी कोण होते त्याची?

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सासूबाईंचा फोन. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"नळापाशी म्या बी हुते, दिशा. अमृत म्हनत हुता, ह्याला दवाखान्यात नेतो. म्याच आडवी गेले. म्हनलं, सारं गाव बघायला आलंय, एवढा खेळ हुऊ दे, मग ने."

"मग त्याच्याशी बोलला का नाहीत कधी?"

"त्यानं माजं नाव कुनाला सांगितलं न्हाई. मला त्याच्या तोंडाकडं बघवंना."

हे ऐकायला तो सप्टेंबरपर्यंत होता!