एकाच रक्तातलं

उचगाव, ११ फेब्रुवारी २००३

प्रिय पवित्रा,

टिप्या काल गेला. दिवाळीत तू मांडीवर घेऊन बसायचीस, तेच कुत्र्याचं पांढरं पिल्लू. फोनवर सांगितलं असतं, पण फोनशेजारी तुझे अप्पा बसलेले असतात आणि मला मोकळं बोलायचं आहे. रविवारी माझा दादा, तुझा मृत्युंजयमामा, त्याच्या रुद्रेशसाठी तुझी सुपारी फोडायला यायचं ठरलंय. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

पिल्लू वाढतच नव्हतं बघ. सारखं पाणी प्यायचं, सारखं मुतायचं, खाल्लेलं ओकून टाकायचं. अप्पांचं एकच, "लाडावलंय, दुसरं काय!" शेवटी मीच त्याला पदराखाली घेऊन कोल्हापुरात डॉक्टरांकडे गेले. दोन्ही किडन्या जन्मापासूनच नीट झालेल्या नव्हत्या. त्यांनी पिल्लाचे आईबाप विचारले. म्हटलं, सख्खे भाऊबहीण. जात शुद्ध राहावी म्हणून आमच्या मालकांनीच लावले. ते म्हणाले, "मावशी, असं कुठंबी होऊ शकतंय, पण एकाच रक्तातलं लावलं की जास्त होतंय. माणसांतबी तेच हाय की."

लग्नाआधी मी तुझ्या अप्पांना मामा म्हणायची, हे तुला ठाऊक आहे. तुझ्याआधीची दोन मात्र तुला कुणी सांगितली नाहीत. आधी मुलगी, मग मुलगा. दोघांनीही अंग धरलं नाही, वर्षाच्या आत पुरावी लागली. माझी सासू, म्हणजे माझीच आजी, चारचौघांत म्हणायची, "हिच्या पोटालाच कीड हाय." मला ते खरंच वाटायचं. देवापुढे बसून माझं काय चुकलं ते विचारत राहिले. आता राग येतो गं, फार राग येतो. आजी तर राहिली नाही, काढू कुणावर?

रुद्रेश गुणी पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तू होकार दिलास तो माझं माहेर टिकावं म्हणून, हे मला कळत नाही असं समजू नकोस. आज सकाळी दादाकडे जाऊन मी नकार देऊन आले. "एका कुत्र्यापायी भावाला तोडतीस व्हय? परत ह्या उंबऱ्याला पाय लावू नकोस," म्हणाला. अप्पा जेवले नाहीत. त्यांचा तुला फोन येईल, रडतीलसुद्धा. तू विरघळू नकोस. माहेर माझं होतं, मी सोडलं. तुझ्या मांडीवरचं मूल कुणी पुरायला नेऊ नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच,
अव्वा