ट्रे नंबर सात

१२ जुलै

कॉलेजात नाव घातलं. बी.ए., पहिलं वर्ष. विषय : प्राचीन भूमध्य संस्कृती. म्हणजे ग्रीस, रोम आणि त्या समुद्राच्या काठाकाठाने जे कोणी राहून गेले ते सगळे. वय एकसष्ट. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, हाच विषय का? म्हटलं, लहानपणापासूनची ओढ. बाकीच्या खिडक्यांवर रांगा होत्या.

सौ. बहिणीकडे राहायला गेली त्याला आज चाळीस दिवस. जाताना म्हणाली होती की तुम्ही रिटायर झाल्यापासून या घरात मला श्वास घ्यायला जागा उरलेली नाही. आता दिवसभर मी कॉलेजात, म्हणजे जागाच जागा. पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास काढतो, येईल आपोआप.

संकल्प : रोज पहाटे पाचला ग्रीक. दुपारी लॅटिन. मनाला लावून घेणे बंद.

१३ जुलै, सकाळी ९

पाचचा गजर झाला. बंद केला. नवीन विषय शनिवारी सुरू करू नये. ग्रीक सोमवारपासून.

२ ऑगस्ट

वर्गात अकरा जण. दहाही जण मला काका म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, त्याही आज चुकून काका म्हणाल्या. मान आहे.

आज मातीच्या पाट्या झाल्या. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी ग्रीसच्या राजवाड्यांतले कारकून ओल्या पाट्यांवर मेंढ्यांच्या याद्या करायचे. पाट्या कच्च्याच, काम झालं की पुन्हा भिजवायच्या. मग राजवाड्यांना आगी लागल्या, पाट्या भाजल्या गेल्या आणि म्हणून टिकल्या. राजे गेले, कारकुनाची यादी राहिली. मी एकतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला काढली. खरं तर ऊर भरून यायला हवा होता. वाट पाहिली. नाही आला. भूक लागली.

१९ ऑगस्ट

मेव्हणीकडे फोन. सौ. गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होती. गेल्या रविवारीही पाणीच घालत होती, त्याच्या आदल्याही. झाडांची आवड लागलेली दिसते. चांगलं आहे.

मी कॉलेजात नाव घातलंय हा निरोप मेव्हणीने तिला दिला होता. ती काय म्हणाली, असं विचारलं. मेव्हणी म्हणाली, काहीच नाही, सुई खाली ठेवली आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. आनंदाने शब्द सुचला नसेल.

रोमच्या आधी इटलीत राहणारे एट्रुस्कन लोक झाले. त्यांची लिपी वाचता येते, पण लिहिलंय काय ते फारसं कळत नाही. माझ्या ग्रीकचंही तेच आहे, फक्त वाचताही येत नाही.

६ सप्टेंबर

चाचणीचा निकाल. पंचवीसपैकी चार. मॅडमनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, काका, तुम्ही सगळेच प्रश्न इतक्या खात्रीने लिहिलेत की तपासताना मलाच पुस्तक काढून बघावं लागलं. आमच्या विषयात 'माहीत नाही' हेसुद्धा उत्तर असतं. तसं प्रामाणिकपणे लिहिलंत तर मी अर्धा मार्क देते.

एकतीस वर्षांत एकाही फाइलवर 'माहीत नाही' असा शेरा मी मारलेला नाही. या वयात अर्ध्या मार्कासाठी मारणार नाही.

सौ. गेल्याला शहाण्णव दिवस. काही वाटत नाही. मन तयार होत असल्याचं हे लक्षण आहे.

२१ सप्टेंबर

प्रॅक्टिकल जाहीर. प्रत्येकाने घरून मातीचं किंवा चिनी मातीचं एक भांडं निवडायचं, घरीच फोडायचं आणि तुकडे ट्रेमध्ये आणायचे. सोबत एक बंद पाकीट. त्यात खरं काय ते लिहायचं : भांडं कोणतं, कोण वापरायचं, कसं फुटलं. मग ट्रेंची अदलाबदल. दुसऱ्याने तुकडे जोडायचे आणि फॉर्म भरायचा : वस्तू, वापर, वापरणारी व्यक्ती, कशी फुटली. शेवटी वर्गासमोर पाकीट उघडून ताडून बघायचं. मालकाने मधे तोंड उघडायचं नाही, कारण मेलेले लोक उत्खननात येऊन सांगत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या.

हा माझा प्रांत. ग्रीकमध्ये गेलेलं इथे भरून काढतो.

२४ सप्टेंबर, सकाळी ११

भांडं शोधलं. कप चार आहेत, लागतो एक, पण सेट मोडवत नाही. वरच्या फळीवर सौ.ची बरणी होती. पांढरी, चिनी मातीची, निळ्या रेघेची. तिच्या आईची. त्यात ती बटणं ठेवते. जाताना नेली नाही, म्हणजे नको असणार. मागे एकदा माझ्या हातून निसटून फुटली होती, तिने चिकटवली होती. म्हणजे तशीही धड नव्हती.

बटणं प्लॅस्टिकच्या पिशवीत काढली. बरणी टॉवेलात गुंडाळली आणि हातोडीचा एक घाव घातला. फार आवाज झाला नाही. काही वाटलंही नाही. बावीस तुकडे. एक कुठेतरी उडाला, सापडला नाही.

पाकिटात लिहिलं : बटणांची बरणी. जुनी. फारशी उपयोगी नाही. पूर्वी एकदा निसटून फुटली होती. या खेपेस अभ्यासासाठी.

२६ सप्टेंबर

माझा ट्रे नंबर सात. तो चष्मेवालीकडे गेला. ही वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि श्वाससुद्धा वहीत लिहून घेते. तिचा ट्रे, नंबर चार, माझ्याकडे. जाडसर, तांबडी माती. पाहताक्षणी कळलं, साधं भांडं नाही.

११ ऑक्टोबर, दुपारी ४

सौ.चा फोन. तिने स्वतः केलेला. चार महिन्यांत पहिला.

म्हणाली की बहिणीच्या घराजवळ शिवणकामाच्या दुकानात काम धरलंय. दुकानाच्या वरचीच खोली घेतली आहे. घरातलं दुसरं काही नको, फक्त बटणांची बरणी कोणाबरोबर तरी पाठवा. मी म्हटलं, मीच घेऊन येतो. जपून ठेवली आहे. एका अर्थी हे खरं आहे, ट्रेच्या कपाटाला कुलूप असतं.

बरणी मागितली म्हणजे घरात जीव अडकलेला आहे. खोली तात्पुरती असणार. फोन ठेवल्यावर छातीत काहीतरी हलायला हवं होतं. पंखा लावून जरा वेळ बसलो.

१२ ऑक्टोबर

मॅडमकडे ट्रे नंबर सात परत मागितला. बदली म्हणून दुसरं भांडं फोडून देतो म्हटलं. नाही म्हणाल्या. रिपोर्ट झाल्याशिवाय ट्रे हलत नाही. विनवण्या केल्या, तेव्हा कपाळाला आठी घालून विचारलं, काका, पाकिटात तुम्ही 'फारशी उपयोगी नाही' असं काही लिहिलं नाहीत ना? पाकीट बंद आहे. बाईंनी नुसत्या तोंडाकडे बघून ओळखलं.

चष्मेवाली मागून आली. म्हणाली, काका, काळजी करू नका, हळूहळू जुळतंय. कोणीतरी खूप वापरलीये हो.

५ नोव्हेंबर

ट्रे नंबर चार पूर्ण. डाव्या हाताची दोन बोटं दोन तास एकमेकांना चिकटून होती, बाकी काम निर्विघ्न. पसरट, बसकं भांडं. कान नाहीत, झाकण नाही. काठाला आतून बारीक ओरखडे. फॉर्म भरला. वस्तू : पूजापात्र. वापर : देवळात. वापरणारी व्यक्ती : मुख्य पुजारी. कशी फुटली : भूकंप. पुरवणी नऊ पानं. मॅडमना हे छापावंसं वाटेल. नाही म्हणणार नाही.

छापून आलं की एक प्रत बरणीबरोबर सौ.ला.

२८ नोव्हेंबर

सादरीकरण.

पहिला मी. पंचवीस मिनिटं बोललो. चष्मेवालीचं पाकीट उघडलं : आमच्या कुत्र्याचं पाण्याचं भांडं. त्यानेच ओढून पायरीवरून पाडलं. वर्ग हसला. मीही हसलो, पण तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं.

मग ती. बरणी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. खांद्यापाशी एका तुकड्याचं भोक, बाकी पूर्ण. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसली.

म्हणाली की हिच्यात खायचं काही ठेवत नसत, आतून डाग नाही. बारीक धातूचे ओरखडे आहेत, सुया किंवा टाचण्या असाव्यात. काठ एकाच जागी गुळगुळीत झालाय, म्हणजे एकच माणूस, त्याच हाताने, वर्षानुवर्षं. आणि ही दोनदा फुटलीये. दुसऱ्यांदा बावीस तुकडे, तो घाव सरळ आहे, हातोडीचा. पहिल्यांदा फक्त पाच. तो गोंद पिवळा पडलाय, पण जोड असे बसवलेत की हाताला लागत नाहीत. मला तसे जमले नाहीत. ज्याने ते केलं त्याची ही लाडकी होती.

मग म्हणाली, हातून निसटलेली बरणी बुडावर नाहीतर काठावर आपटते. ही पहिल्यांदा फुटली तेव्हा बूड शाबूत होतं, काठही. सगळे तडे खांद्यावरच्या एकाच जागेतून निघालेत, जिथला तुकडा आता नाही. म्हणजे हवेत असताना कशाला तरी लागली. कोणीतरी फेकली. फेकणारा आणि जोडणारा वेगळे असावेत.

पाकीट उघडलं. मॅडमनी वाचलं. मग मला विचारलं, काका, निसटली होती?

मी म्हटलं, निसटली होती.

चष्मेवालीने सॉरी काका म्हटलं आणि आपल्या फॉर्मवरच्या दोन ओळी खोडल्या. तिचे दोन मार्क गेले. मला नापास केलंय.

२९ नोव्हेंबर, सकाळी ७

बरणी समोर टेबलावर आहे.

सत्तावीस वर्षं झाली. सौ. कॉलेजचा फॉर्म घेऊन आली होती. बी.ए. करते म्हणाली, संध्याकाळचे वर्ग आहेत. मी म्हटलं, घर कोण बघणार. ती म्हणाली, दोघं मिळून बघू. मी टेबलापाशी उभा होतो, बरणी हाताशी होती. भिंतीला लागली. मग मी म्हटलं, निसटली. तिने बटणं वेचली. फॉर्म कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही. तीन संध्याकाळी बसून तिने ती जोडली. मी शेजारी पेपर वाचत होतो.

मग निसटली हेच मी इतकी वर्षं म्हणत आलो, आणि मलाही ते पटलेलं होतं.

३ डिसेंबर

बरणी घेऊन गेलो. खोली छोटी, नीटनेटकी. एक मशीन, एक खिडकी. खुर्ची एकच. तिने ती मला दिली आणि स्वतः उभी राहिली.

बरणी हातात घेतल्यावर तिचं बोट आधी खांद्याकडे गेलं. कोणी जोडली म्हणून विचारलं. माझ्या वर्गातल्या मुलीने, म्हटलं. छान जोडलीये म्हणाली. इथला तुकडा? म्हटलं, सापडला नाही. कशी फुटली ते तिने विचारलंच नाही. बटणं ओतली. तीन-चार भोकातून बाहेर आली. ती उचलून परत आत टाकली आणि भोक भिंतीच्या बाजूला करून बरणी फळीवर ठेवली.

मी म्हटलं, सवडीने घरी ये. म्हणाली, इथे बरं वाटतं मला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.

निघताना तिने विचारलं, रोज जाता का कॉलेजला? म्हटलं, रोज. मग जा, म्हणाली, वर्ग बुडेल.

९ डिसेंबर

केर काढताना गॅसच्या शेगडीखाली तुकडा सापडला. खांद्याचाच. पाठीमागे पिवळा गोंद.

कॉलेजात गेलो. मॅडमकडे कोरा फॉर्म मागितला आणि त्यांच्यासमोर भरला. वस्तू : बटणांची बरणी. वापर : बटणं. वापरणारी व्यक्ती : माझी बायको. कशी फुटली : पहिल्यांदा फेकून, दुसऱ्यांदा हातोडीने. दोन्ही वेळा मी. मॅडमनी वाचला, सही केली. चष्मेवालीचे दोन मार्क परत दिले. माझा निकाल तोच राहिला.

वापरणारी व्यक्ती परत येईल का, असा रकाना फॉर्मवर नाही. असता तरी तिथे 'माहीत नाही' लिहून अर्धा मार्क मिळवता आला नसता. माहीत आहे.