न्यायला कोण

७ जुलै २००३, सोमवार

आला एकदाचा कागद. अमेरिकेहून, कुरिअरने. कुरिअरवाला मला विचारतो, "मावशी, सही येते का?" म्हटलं, मला येते, तुला वाचता येते का ते बघ.

पायल कंपनीतून सहाला आली. चप्पल न काढताच पाकीट फाडलं तिने. आय-ट्वेंटी म्हणतात त्याला. तिथल्या कॉलेजाने लिहून दिलंय, ही मुलगी आमच्याकडे शिकायला पात्र आहे, हिला येऊ द्या. हा असेल तरच व्हिसा. १८ तारखेला, शुक्रवारी मुंबईत मुलाखत.

"आई, हाच मूळ कागद. झेरॉक्स चालत नाही. तिथल्या विमानतळावर यावरच शिक्का मारतात, तेव्हा आत सोडतात." तीनदा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

मग म्हणाली, "तूच ठेव. माझ्याकडून हरवेल."

दोन वर्षं जाणार. हे गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघीच. असो.

ही वही पाळणाघराची. पुढून मुलांचं लिहिते, मागून माझं. चौथीपर्यंत शाळा माझी, पण कोण काय जेवलं, किती झोपलं हे त्यांच्या आयांना लेखी लागतं, त्यातून सवय लागली. आजचं उदाहरणार्थ: सोनू — खिमट खाल्लं. दोन तास झोपली. रडली नाही. न्यायला आई, सव्वासात. रोजचाच उशीर. म्हणते, "मावशी, मीटिंग होती." पोर दाराकडे डोळे लावून बसते, तिची पण मीटिंगच चालते.

८ जुलै, मंगळवार

कागद लॅमिनेट करून आणला, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या समाधानकडून. आमच्या घरात सगळं प्लॅस्टिकमध्येच असतं. पायलची दहावी, बारावी, जातीचा दाखला, हे गेले त्याचा दाखला. पत्रा गळतो, भिंतीला वाळवी. प्लॅस्टिक घातलं की काळजी मिटली.

समाधान काहीतरी विचारत बसला होता. म्हटलं, पोरं झोपवून आलेय, घरी शेजारच्या विमलाबाईंना बसवलंय, हात चालव.

छान कडक झालाय.

९ जुलै, बुधवार

पायलने पाहिला. आधी हसली. मला वाटलं आवडला. मग तिथेच खाली बसली, चपलांशेजारी.

"आई, यावर शिक्का कुठे मारणार?"

"वरून मारतील."

"आणि माझी सही? ती पण व्हायची होती यावर."

आरडाओरडा केला असता तर मी पण चार शब्द सुनावले असते. ती ताटावरून उठून गेली. पोळी तशीच ताटात.

१० जुलै, गुरुवार

दोघी समाधानकडे गेलो. त्याने ब्लेडने कोपरा उचलला, गरम इस्त्री फिरवली. "मावशी, एकदा मशिनमधून गेला की कागद आणि प्लॅस्टिक एकच होतं." तरी पायल म्हणाली, ओढून बघा. ओढला. तिथल्या साहेबाची सही प्लॅस्टिकला चिकटून निघाली, खाली पांढरं.

समाधान माझ्याकडे बघत होता. मी बाहेर रिक्षा बघत होते.

११ जुलै, शुक्रवार

पायलने सायबर कॅफेतून कॉलेजाला मेल केला. उत्तर आलं. दुसरा कागद लगेच काढून कुरिअरने पाठवतील. म्हणजे १७ पर्यंत पोचला तर पोचला. १८ ची तारीख हुकली तर पुढची थेट सप्टेंबरात. कॉलेज १८ ऑगस्टला सुरू. उशिरा आलेल्याला घेत नाहीत.

म्हणजे सगळं गेलं. दोन वर्षं नोकरी करून, रात्री जागून परीक्षा दिल्या त्या गेल्या.

माझा भाऊ रंगराव, त्याला फोनवर सांगितलं. म्हणतो, "ताई, प्लॅस्टिक कशाला घातलंस? तो काय हॉटेलचा मेनू आहे?" फोन ठेवून दिला मी.

१३ जुलै, रविवार

कुरिअर रविवारी येत नाही. तरी पायल दारात खुर्ची टाकून बसलेली.

१५ जुलै, मंगळवार

कागद कुठपर्यंत आलाय ते कंप्युटरवर दिसतं म्हणे. काल लंडनला होता, आज मुंबईला. मी पुण्याबाहेर गेले तर जेजुरीपर्यंत.

पायल माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. "मीठ दे." "दार लाव." आधी ऑफिसातून आली की एका दमात सगळा दिवस सांगायची. विमलाबाई म्हणाल्या, "तिच्या भल्यासाठीच केलंत हो, तिला कळेल." मी म्हटलं, तुम्ही डाळ निवडा.

१७ जुलै, गुरुवार

आता लिहूनच टाकते.

कागद सकाळी अकराला आला. तोच कुरिअरवाला. सही केली. पाकीट सोनूच्या गादीखाली सरकवलं. पोर वर झोपलेली.

साडेअकराला पायलचा फोन. "आला?"

"नाही."

बाराला. "आला?"

"आला असता तर सांगितलं नसतं का?"

संध्याकाळी पाचची मुंबईची गाडी. रात्री मैत्रिणीकडे राहून सकाळी मुलाखत. पाचपर्यंत गप्प बसले असते तर काम झालं असतं. कुणाला कळलं असतं? कुरिअरवाल्यांचा काय भरवसा, लोक त्यांनाच बोलले असते.

आणि ८ तारखेचं. समाधानने विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं. "मावशी, यावर पुढं सही-शिक्का व्हायचाय का? मग नका करू." मी म्हटलं, नाही व्हायचा. पायलने तीनदा सांगितलेलं मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं. मशिनमध्ये कागद आत जाताना वाटलं, थांबव म्हणावं. म्हटलं नाही.

वाळवी, पत्रा, सगळं खरं. पण त्यासाठी नव्हतं केलं.

दीडला सोनू उठली. गादी ओली. आधी पाकीट ओढलं, मग पोरीला घेतलं. पाकिटाचा कोपरा भिजलेला, आतला कागद कोरडा. सोनू माझ्याकडे बघून हसत होती.

पायलला फोन लावला. "आला. ये लवकर." तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग म्हणाली, "कधी?" म्हटलं, आत्ताच.

आली, सही केली, गेली. पाचची गाडी मिळाली. निघताना पाया पडली. मी म्हटलं, पुरे, उशीर होईल.

१८ जुलै, शुक्रवार

व्हिसा मिळाला. फोनवर रडत होती. म्हटलं, येताना जेवून ये.

सोनू — वरणभात. एक तास झोपली. न्यायला आई, सात वीस.

२० जुलै, रविवार

आज वही उघडली तर १७ तारखेच्या पानात तो प्लॅस्टिकचा कागद. मी ठेवलेला नाही. मी तो माळ्यावर टाकला होता.

खाली पायलचं अक्षर. मुलांचं लिहिते मी, अगदी तसंच:

आई — दहा दिवस नीट जेवली नाही. झोप नाही. रडली नाही. न्यायला पायल. उशीर होईल.