गुंड्याचा पहिला नंबर आणि माझा बूट

मानसरोवर, जयपूर
रविवार, १ फेब्रुवारी

ती. सौ. रमाताईस,

धाकट्या मिनूचा नमस्कार. वाकून केलेला नाही, कारण सध्या माझा उजवा गुडघा वाकत नाही. का वाकत नाही ते खाली येईलच. तुझं बीपी कसं आहे? दाजींनी मीठ कमी केलं, की फक्त तुझ्यासमोर कमी केलं? आमच्याकडे सगळे ठीक. हे विम्याच्या कामाला रोज विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत फिरतात आणि येताना खोकला घेऊन येतात. प्रथमेश हैदराबादला नोकरीत रुळलाय. आठवड्यातून एकदा फोन करतो आणि कुत्रा कसा आहे ते विचारतो. (आई कशी आहे ते त्याला कुत्र्याच्या उत्तरावरून कळत असावं.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमच्या भिंती पातळ आहेत आणि जिच्याबद्दल सांगायचंय ती समोरच्याच दारात राहते. म्हणून पत्र.

तिचं नाव कस्तुरी. नागपूरची आहे, वय एकोणतीस, कंप्युटरच्या कंपनीत आहे, एकटी राहते. तिच्याकडे पिहू नावाची कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री आहे. तिचे कान इतके लांब की जेवताना क्लिपने बांधून ठेवावे लागतात. गेल्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला मी अनारसे नेले होते. माझे अनारसे तुला माहीत आहेत, जाळी कशी पडते ते मी लिहीत नाही. लोक घेत होते, मान डोलवत होते. तेवढ्यात कस्तुरीने फोन काढून पिहूला डॉग शोमध्ये कप मिळाल्याचा फोटो दाखवला आणि सगळी माणसं तिच्याभोवती गोळा झाली. बँकेतल्या कुलकर्ण्यांच्या बायकोने अर्धा खाल्लेला माझा अनारसा खिडकीत ठेवला आणि फोन दोन्ही हातांत घेतला. मला हेवा वाटला असं तुला वाटेल. तसं काही नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं की कुत्रा आपल्याकडेही आहे.

आमचा गुंड्या तू पाहिलेला नाहीस. डॅशहंड जातीचा, म्हणजे अंगाने लांब आणि पायाने आखूड. प्रथमेशने हौसेने पिल्लू आणलं आणि चार महिन्यांत नोकरी लागून तो निघून गेला. कुत्रा राहिला माझ्याकडे. या गावात दुपारी माझं मराठी ऐकणारा तो एकटाच आहे, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. त्याचे कागद गोदरेजच्या कपाटात होते. काढून बघितले तर कागदावर त्याचं नाव 'ग्रँड ड्यूक ऑफ रोझवुड हिल' असं निघालं, आणि खाली आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा अशी सगळी नावं, त्यात दोन चँपियन. (आपल्या पणजोबांचं नाव तुला माहीत आहे का? मला नाही.) मी त्याला ड्यूक म्हणून हाक मारून पाहिली. कोण आलंय ते बघायला तो दाराकडे गेला.

आता शोमध्ये कुत्रा उतरवायचा कसा, हे जयपुरात मी विचारणार कोणाला? कस्तुरीलाच विचारावं लागलं. तिने मला हसून घालवलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने आनंदाने फॉर्म भरून दिला, शोमध्ये कुत्र्याला धरून न्यायची बारीक पट्टी दिली, आणि वहीत सगळं लिहून दिलं. कुत्र्याला स्थिर उभं कसं करायचं, जज दात तपासताना ओठ कसे वर करायचे, सरळ रेषेत पळवत नेऊन परत कसं आणायचं. एवढं चांगलं वागणाऱ्या माणसाचा राग धरून ठेवायला किती कष्ट पडतात, ते मला तेव्हा कळलं.

लहान जातीच्या कुत्र्यांना जज टेबलावर उभं करून तपासतात. म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. पाय घसरू नयेत म्हणून यांनी विश्वकर्माहून रबराचा तुकडा आणला. त्याला टायरचा वास येत होता, म्हणून त्यावर मी बगरू छापाची चादर घातली. मग पाय चादरीवरून घसरायला लागले. महिनाभर आम्ही दोघं सोफ्यावर ताट घेऊन जेवलो. दात बघायला परका माणूस हवा म्हणून आमच्या सोसायटीचे गार्ड सुखदेवजी रोज सकाळी ड्यूटी संपवून वर यायचे. साठीचे गृहस्थ, पिळदार मिशा. ते हात धुवून, चष्मा लावून गंभीरपणे ओठ वर करायचे आणि म्हणायचे, "भाभीजी, आज ठीक है." एक दिवस म्हणाले, "भाभीजी, आज कचौरी खाई है इसने." तेव्हा कळलं की आमचे हे रोज संध्याकाळी गुंड्याला फिरायला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात नेतात आणि दोघं मिळून कांद्याची कचोरी खातात. कुत्र्याची कंबर का दिसत नाही म्हणून मी तीन आठवडे त्याचं जेवण कमी करत होते. यांना विचारलं तर म्हणाले, "तो एकटक बघतो गं. मला गिळवत नाही."

शो ११ जानेवारीला होता, जयपूरबाहेर बस्सी गावाच्या अलीकडे एका मोठ्या मैदानात. आदल्या दिवशी कस्तुरी येऊन म्हणाली, "काकू, शक्यतो पँट घाला, आणि रंग फिका असू द्या. गुंड्या चॉकलेटी आहे ना." मी बरं म्हटलं. पण ती गेल्यावर विचार केला की ही मला साधं राहायला का सांगते? हिला पुढे दिसायचंय. म्हणून मी आईची चॉकलेटी इरकल काढली. (तीच, जी तुला हवी होती.) कुत्र्याला शोभून दिसेल असा रंग, आणि खाली प्रथमेशचे जुने पांढरे बूट. आरशात मला ते फार छान वाटलं होतं.

मैदानात धुकं होतं. दिल्लीहून, चंदिगडहून लोक आले होते, गाड्यांच्या मागे टेबलं मांडून कुत्र्यांचे केस विंचरत होते. आमच्याकडे एक सतरंजी, एक डबा आणि हे होते. पिहूचा नंबर आमच्या आधी लागला. कस्तुरी राखाडी पँट आणि साधा कोट घालून आली होती. ती पळू लागली की माणसाला फक्त कुत्रीच दिसत होती. पिहूला पुन्हा कप मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, यांनी तर उभं राहून वाजवल्या. मी यांच्याकडे बघितलं तेव्हा ते खाली बसले.

मग आमचा गट, दीड वर्षाखालचे डॅशहंड. तिघंच होते. जज म्हणजे दार्जिलिंगकडच्या एक वयस्कर बाई, पांढरी वेणी, पायात गमबूट. त्या रिंगमध्ये आल्या, पहिला कुत्रा बघितला, दुसरा बघितला, माझ्यासमोर थांबल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "कुत्ता कहाँ है?" गुंड्या माझ्या निऱ्यांपुढे नियमाप्रमाणे स्थिर उभा होता. चॉकलेटीवर चॉकलेटी. मला तेव्हा कस्तुरीचं फिक्या रंगाचं बोलणं समजलं आणि कान गरम झाले.

टेबलावर मात्र त्याने मान राखला. दात दाखवले, तेही न सांगता. पण नर कुत्र्याच्या बाबतीत जज आणखी एक तपासणी करतात, मागच्या बाजूला. (तू समजून घे, दाजींना वाचून दाखवत असशील तर एवढं गाळ.) हे वहीत लिहिलेलं होतं, पण त्याचा सराव सुखदेवजींकडून करून घ्यायला मला कसंतरी वाटलं होतं. जजबाईंचा हात लागताच ग्रँड ड्यूक खाली बसला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की हे कोण लोक आहेत आणि तू मला कुठे आणलंस. कसाबसा उभा केला, खाली उतरवला. बाईंनी पळवायला सांगितलं. मी पळाले. तो माझ्या डावीकडून निघाला, साडीची सळसळ ऐकून उजवीकडे आला, परत डावीकडे गेला, आणि पट्टी माझ्या दोन्ही पायांना गुंडाळली गेली. मी गुडघ्यावर पडले, ताई. सगळ्या मैदानासमोर. मागे कोणीतरी "अरे अरे" म्हणालं, आणि हे सतरंजीत पाय अडकून तिथेच धडपडले.

कस्तुरी परवानगी विचारून रिंगमध्ये आली. माझ्या पायांची पट्टी सोडवली. जजबाई म्हणाल्या की दुसऱ्या कोणी पळवलं तरी चालेल. कस्तुरीने पट्टी हातात धरली पण ती हलली नाही. खाली बसून मला विचारलं, "काकू, मी नेऊ?" मी नाही म्हटलं असतं तर ती खरंच नेणार नव्हती, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. मला नाही म्हणायचं होतं. गुंड्या आमच्या दोघींच्या मध्ये उभा होता आणि शेपूट हलवत होता, कोणासाठी ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "ने."

आणि तो चालला. मान वर, पाठ सरळ, ते आखूड पाय इतके सुरेख पडत होते की बाजूचे लोक बोलायचे थांबले. माझ्याबरोबर तो असा एकदाही चालला नाही. एकदाही मागे वळून बघितलं नाही त्याने. तिघांत पहिला आला. पुढच्या फेरीत दिल्लीच्या एका चँपियनने त्याला हरवलं, पण आमच्या गटात पहिला तो पहिलाच. फोटो काढला तेव्हा मी गुडघ्याला बर्फ लावून खुर्चीवर होते. फोटोत जजबाई आहेत, कस्तुरी आहे, गुंड्या आहे, आणि डाव्या कोपऱ्यात माझा एक बूट आहे.

पुढचे बारा दिवस मी कस्तुरीशी बोलले नाही. गुडघा दुखतोय असं सांगितलं. ती दाराशी डबा ठेवून जायची, मी डबा रिकामा करून धुवून तिच्या दाराशी ठेवायचे. गुंड्या आमच्या दारात बसून तिच्या दाराकडे बघायचा, तेही मी सहन केलं. तेराव्या दिवशी ती आत आली, सरळ टेबलाशी बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही रागावलात ते मला कळतंय. तो फोटो मी कोणालाही पाठवलेला नाही."

मी म्हटलं, "रागवायचं काय त्यात. जिंकला ना."

"मला गुंड्याचा हेवा वाटतो," ती म्हणाली.

"कुत्र्याचा?"

"हो. तीन वर्षं मी पिहूला घेऊन सगळीकडे जाते. एवढे कप मिळाले, पण सतरंजी घालून, डबा घेऊन बघायला कोणी आलेलं नाही. फोटो काढायलासुद्धा मी अनोळखी माणसाच्या हातात फोन देते. त्या दिवशी काका माझ्यासाठी उभे राहिले ना, तेव्हा मला पिहूच्या कपापेक्षा तेच..." आणि ती गुंड्याचे कान चोळत बसली.

मी चहा टाकला. अनारसे नव्हते, शेव होती, ती दिली. त्या उभ्या राहिलेल्या काकांना मीच नजरेने खाली बसवलं होतं, हे काही मी सांगितलं नाही. ती गेल्यावर मी तो फोटो मागवून घेतला आणि मोठा करून बघितला. बूट स्वच्छ आला आहे.

तर असं आहे. शोचा नाद मी सोडलेला नाही. गुडघा सुधारतोय, आणि यांची संध्याकाळची फेरी आता बागेकडे वळवली आहे. तब्येतीला जप, दाजींना नमस्कार सांग.

तुझी,
मिनू

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. कस्तुरीची एप्रिलपासून पुण्याला बदली झाली आहे. कुत्रीसकट ठेवून घेणारं घर तिला मिळत नाहीये. तुझी वरची खोली रिकामी आहे. ती तिला दे. नाही म्हणू नकोस, मी तिला हो सांगून बसले आहे. पिहू केस फार गाळते, पण भुंकत नाही. मुलगी सकाळी न खाता ऑफिसला जाते, तेवढं बघ. आणि पुण्यात तिचा शो असेल तेव्हा तू आणि दाजी सतरंजी घेऊन जा. डबाही न्या.

ता. क. दुसरा : तिला घास भरव, सणाला साडी घे, काय हवं ते कर. तुझा स्वभाव मला माहीत आहे, महिन्याभरात तू तिला आपलीशी करशील. तिने तुला मावशी म्हटलं तर म्हणू दे. काकू म्हणायला लागली तर मात्र तिथल्या तिथे थांबव.